गाणारी बाई जाते तेव्हा

आज बचतीचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा विषय नाही. आज बोलायचंय ते एका वेगळ्या दुःखाबद्दल. ज्यांचं गाणं ऐकत आपण लहानाच्या मोठ्या झालो, तो गाणारा माणूस गेल्याची बातमी येते आणि आपल्या पोटात खड्डा पडतो. घरातलं कुणी म्हणतं, "ती काय आपल्या नात्यातली होती का?" नात्यातली नव्हती हे खरंच. मग डोळ्यांत पाणी का येतं?

६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या. ९२ वर्षांचं वय होतं. देशात दोन दिवसांचा दुखवटा झाला, झेंडे अर्ध्यावर उतरले, आपल्या राज्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर झाली. मुंबईत शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी गावोगावी बायका उघडपणे रडल्या, आणि कुणी त्यांना हसलं नाही.

त्याच वर्षी १० डिसेंबरला सुलोचना चव्हाण गेल्या. आमच्या गटातल्या एक मावशी त्या आठवड्याच्या बैठकीत गप्प गप्प होत्या. हप्ता भरला, सही केली, उठताना हळूच म्हणाल्या, "आमची लावणीवाली गेली गं." एवढंच. लतादीदींसाठी मोठ्यानं रडता येतं आणि लावणीच्या गायिकेसाठी हळू आवाजात बोलावं लागतं, असं का, हे समजून घ्यायचं तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

सुलोचनाबाईंचा जन्म १९३३ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव कदम. सुरुवातीला त्या हिंदी सिनेमात गायच्या. पुढे मराठी सिनेमात लावणी गायला लागल्या आणि १९६० नंतर तो आवाज घराघरांत गेला. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं. आवाजात अशी ठसक की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची. पण बाई मंचावर उभ्या राहायच्या त्या डोक्यावर पदर घेऊन. नाचणं नाही, हातवारे नाहीत. सगळं काही आवाजात.

आपल्या आयाबायांना त्या का आवडल्या, याचं उत्तर मला त्या पदरात दिसतं. त्यांच्याही डोक्यावर पदर होता. तोंडावर न आणता येणारं पुष्कळ काही मनात होतं. रुसणं, लाडात येणं, नवऱ्याला टोमणा मारणं, मला हे हवंय असं ठणकावून सांगणं. घरात हे बोलायची सोय नव्हती. ते सगळं पदर घेतलेली एक बाई रेडिओवरून बोलत होती. कितीतरी घरांत मुलींनी लावणी ऐकायची नाही असा दंडक होता. तरी मागच्या दारी भांडी घासताना ती ऐकलीच जायची. नंतर टेपरेकॉर्डर आला, कॅसेट आल्या. माझ्या वयाच्या बायकांना कॅसेटची गुंतलेली फीत पेन्सिल घालून गुंडाळलेली आठवत असेल.

तरुणपण म्हणून आपल्या वाट्याला आलं किती? दहावीपर्यंत शाळा, मग शेतातलं काम, मग लग्न. त्यात स्वतःचं असं फार थोडं होतं. एखादं गाणं मात्र स्वतःचं होतं. ते कुणी मागत नव्हतं, वाटून घेत नव्हतं. म्हणून ते गाणारी बाई गेली की त्या दिवसांची एक साक्षीदार गेल्यासारखं वाटतं. आपण तिच्यासाठी रडतो आणि थोडं स्वतःसाठीही. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता दुसरं नाव घेते, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ मध्ये पंढरपूरला जन्म. घरातच तमाशाचा फड. पुणे जिल्ह्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी फडांच्या राहुट्या तिथे लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. तमाशाला प्रतिष्ठा कधीच सहज मिळाली नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली होती, पुढे अटी घालून ती उठवली. अशा काळात विठाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नावावर गर्दी लोटायला लागली.

त्यांची एक हकिगत तमाशाच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. मंचामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लोक खोळंबले म्हणून पुन्हा मंचावर आल्या. ही गोष्ट लोक कौतुकानं सांगतात. पण मैत्रिणींनो, आपण बाळंतपणं पाहिलेल्या बायका आहोत. आपल्याला हे ऐकून आधी अंगावर काटा येतो. त्या बाईला त्या रात्री उसंत का मिळाली नाही, हा प्रश्न आपण विचारायला हवा. सुपारी घेतलेली, फडातल्या सगळ्यांची पोटं तिच्या नाचण्यावर, आणि रजा नावाची गोष्टच नाही. बांधावर बाळाला झोळीत टाकून खुरपायला वाकणाऱ्या बाईला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यात्रेत तमाशाच्या तंबूत आपल्याला जाऊ देत नव्हते. पण रात्री अंगणात बाजेवर पडलं की कर्ण्यावरून ढोलकी, हलगी ऐकू यायची. गण, गवळण, मग बतावणी, मग वग. वगाच्या आधीच डोळा लागायचा. अशी न पाहता, नुसती ऐकलेली कला आपल्या वाट्याला आली.

राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या विठाबाई जानेवारी २००२ मध्ये गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल भरायला पैसे नव्हते. ते देणगीदारांच्या मदतीतून भागवावं लागलं. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावानं तमाशातल्या कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. चांगलंच झालं. पण आयुष्यभर हजारो लोकांची रात्र जागवणाऱ्या बाईच्या गाठीशी शेवटच्या आजारपणापुरतेही पैसे उरू नयेत, याचं उत्तर पुरस्कारानं मिळत नाही.

तिसऱ्या यमुनाबाई वाईकर. सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या, कोल्हाटी समाजातल्या. जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा. बैठकीच्या लावणीत, म्हणजे बसून, चेहऱ्यानं आणि हातांनी भाव दाखवत गायच्या लावणीत, त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. १५ मे २०१८ रोजी त्या गेल्या. सुलोचनाबाईंनाही पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये, म्हणजे गेल्या त्याच वर्षी. या दोघी दीर्घायुषी ठरल्या म्हणून सन्मान डोळ्यांनी पाहू शकल्या. सत्तरीत गेल्या असत्या तर?

मी गटाचे हिशोब बघते, म्हणून मला हे हिशोबासारखंच दिसतं. या बायकांकडून आपण घेतलं भरपूर आणि जमा केलं फार थोडं. नुसतं मोबाइलवर फोटो लावून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं की हा हिशोब मिटत नाही. जी गेली तिचं देणं आता तिला देता येणार नाही. पण तिच्याच वाटेवरच्या किती तरी जणी अजून आहेत. एके काळी फडात नाचलेली, आज दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी आजी. जागरण-गोंधळात गाणारी, आराधी मेळ्यात संबळाच्या तालावर उभी राहणारी बाई.

अशा ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. अनेकींना ती माहीत नाही, कुणाकडे कला सादर केल्याचे पुरावे नाहीत, कुणाला अर्ज लिहिता येत नाही. आपल्या गटात लिहिता येणाऱ्या मुली आहेत. पंचायत समितीत जाऊन चौकशी करणं, कागद गोळा करणं, तिच्यासोबत जाणं, एवढं आपल्याला नक्की जमतं. घरकुलाचे अर्ज भरलेच ना आपण?

आणि एक. जिचं नाव कोणत्याच पेपरात छापून आलं नाही अशी गाणारी बाई प्रत्येक घरात होऊन गेली. पहाटे जात्यावर ओव्या म्हणणारी आपली आजी. आपल्या कानावर पडलेलं पहिलं गाणं तिचंच. जाती गेली, गिरण्या आल्या, आणि ओव्या त्या म्हाताऱ्यांच्या पोटातच राहिल्या. ज्या अजून आहेत त्यांच्याजवळ बसा. मोबाइलमध्ये आवाज धरून ठेवा, वहीत लिहून घ्या, खाली तिचं नाव आणि गाव लिहा. नाव लिहायला विसरू नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका गाणाऱ्या बाईचं नाव घेऊन यावं, एवढी माझी विनंती. जिवंत बाईचं.