एकाहत्तर नकारांतले एक

आमच्या घरात अमेरिकेचं दार केनेडींनी उघडलं, असं मानलं जाई. थोरले काका १९७१ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन डेट्रॉइटला गेले. तेव्हापासून कऱ्हाडच्या वाड्यात माजघराच्या भिंतीवर केनेडींचं मासिकातून कापलेलं छायाचित्र होतं. काकू त्याला हार घालत नसत एवढंच. गेल्या वर्षी काकांच्या नातीचा न्यूजर्सीहून फोन आला. ती तिथेच जन्मलेली, तिथली मतदार. तिच्या भागात प्रतिनिधीगृहासाठी उभा असलेला एक उमेदवार सभेत स्थलांतरितांबद्दल एक बोलतो आणि घरोघरी टाकलेल्या पत्रकात दुसरंच छापतो, असं तिचं म्हणणं. तिनं विचारलं, "काका, तुम्ही जुन्या कागदांत बसलेले असता ना? एखादा माणूस खरं काय मानतो ते कागदांवरून कळतं का?"

मी पतपेढीत लेखनिक होतो, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. तिच्या उमेदवाराबद्दल मी काय सांगणार? पण केनेडींची ती घरगुती गोष्ट तपासायला बसलो असताना एका जुन्या उमेदवाराच्या मागे माझे दोन पावसाळे गेले होते. त्याचं नाव इमॅन्युएल सेलर.

सेलर १८८८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मले. कुटुंब ज्यू, आजी-आजोबा जर्मनीतून आलेले, स्वतः वकील. १९२२ साली ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीला उभे राहिले. त्या प्रचारात त्यांचा भर होता दारूबंदीच्या विरोधावर आणि राष्ट्रसंघाच्या समर्थनावर. पुढे पन्नास वर्षं ज्या प्रश्नाशी त्यांचं नाव जोडलं गेलं, तो प्रचारात मागेच होता. म्हणजे नुसत्या प्रचारावरून या माणसाचं स्थलांतराविषयीचं मत काढायला बसलं, तर हाती फारसं काही लागत नाही. मग मी वळलो सभागृहाच्या नोंदींकडे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतच अशी तरतूद आहे की प्रत्येक सभागृहाने आपल्या कामाची नोंदवही ठेवावी, आणि हजर सदस्यांपैकी एक पंचमांशांनी मागणी केली तर कोणी होकार दिला नि कोणी नकार, हे नावानिशी लिहावं. त्याशिवाय १८७३ पासून चर्चांचा छापील वृत्तान्त निघतो. काँग्रेशनल रेकॉर्ड हे त्याचं नाव. हे सगळं आता घरबसल्या फुकट वाचता येतं. मी ते लेकीच्या लॅपटॉपवर, भिंग लावल्यासारखी अक्षरं मोठी करून वाचलं.

पण या वृत्तान्ताला दोन खोडी आहेत आणि त्या मला उशिरा कळल्या. पहिली अशी की तो शब्दशः नाही. सदस्याला आपलं भाषण मागाहून सुधारून, वाढवून देता येतं. सभागृहात न बोललेलं भाषणही छापून येतं. असं न बोललेलं भाषण ओळखू यावं म्हणून खूण घालायची पद्धत १९७८ साली सुरू झाली. त्याआधीच्या पानावर बोललेलं आणि नुसतं दिलेलं शेजारी शेजारी बसलेलं असतं, एकाच टाइपात. दुसरी खोड मतांची. सभागृह समितीच्या रूपात बसून दुरुस्त्यांवर मतं देई, तेव्हा सदस्य रांगेने मोजणाऱ्यांसमोरून जात आणि नुसता आकडा लिहिला जाई, नाव नाही. १९७० च्या सुधारणा-कायद्यानंतर ही स्थिती बदलली. त्यामुळे जुन्या काळातल्या एखाद्याचं शेवटचं मत सापडतं, पण विधेयक बोथट करायला किंवा धार लावायला त्याने काय केलं, ते बऱ्याचदा सापडत नाही.

सेलर निवडून आल्यावर वर्षभरातच त्यांच्यासमोर मोठं विधेयक आलं. स्थलांतर समितीचे अध्यक्ष होते वॉशिंग्टन राज्यातले अल्बर्ट जॉन्सन, पेशाने वृत्तपत्राचे संपादक. त्यांच्या समितीने वंशशुद्धीचा प्रचार करणाऱ्या हॅरी लाफलिन यांना तज्ज्ञ म्हणून नेमलेलं होतं. विधेयकाची युक्ती एका तारखेत होती. प्रत्येक देशाचा वार्षिक कोटा म्हणजे त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत आहेत त्यांच्या दोन टक्के. पण ते मोजायचे १८९० च्या शिरगणतीनुसार. ताजी शिरगणती १९२० ची हाताशी असताना चौतीस वर्षं मागे का जायचं? कारण इटलीतून, पोलंडमधून, रशियातून माणसांची मोठी लाट आली ती १८९० नंतर. कायद्यात इटालियन किंवा ज्यू हा शब्द लिहायची गरजच उरली नाही.

१२ एप्रिल १९२४ रोजी मतदान झालं. ३२३ विरुद्ध ७१. कारकून नाव पुकारी आणि सदस्य उत्तर देई, असा तो काळ. त्या ७१ नकारांत सेलर यांचं नाव आहे. नव्या सदस्याने गप्प बसून शिकावं असा तिथला रिवाज. यांनी पहिलंच महत्त्वाचं भाषण या विधेयकाविरुद्ध केलं.

इथे माझी एक चूक कबूल करतो. या नकाराच्या जोरावर मी एका स्थानिक नियतकालिकात लिहून मोकळा झालो होतो की सेलर १९२४ पासून भारतीयांची बाजू लढत होते. वाचकांना ते आवडलंही. पण त्या नकारातून एवढं निघत नाही. भारतीय मजुरांना अमेरिकेने १९१७ च्या कायद्यानेच अडवलं होतं. नकाशावर आशियाचा एक पट्टा आखून तिथल्यांना बंदी. १९२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, त्याचाही उपयोग झाला नाही. १९२४ च्या वादात सेलर यांचा रोख होता दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर. त्यांच्या नकारात आपल्याला जागा आहे असं मी समजलो, ते मला तसं समजायचं होतं म्हणून.

थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत एक नाव वाचून मी थबकलो होतो: सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसला वकिली करणारे, १९१४ साली अमेरिकेचे नागरिक झालेले. थिंद निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वं परत घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही खटला घातला. अनेकांचं नागरिकत्व गेलं. पंडित मात्र १९२६ साली अपील न्यायालयात जिंकले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

भारतीयांच्या बाजूने सेलर यांची निःसंदिग्ध नोंद सापडते ती वीस वर्षांनी. रिपब्लिकन क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅट सेलर यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २ जुलै १९४६ रोजी ट्रूमन यांच्या सहीने झाला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. शंभर! एसटीच्या दोन गाड्यांत बसतील एवढे. त्यामागे न्यूयॉर्कच्या इंडिया लीगचे जे. जे. सिंग यांची वर्षानुवर्षांची खटपट होती. आकडा चिमुकला असला तरी नागरिकत्वाचा हक्क चिमुकला नव्हता. याच कायद्यामुळे दलीपसिंग सौंद १९४९ साली नागरिक झाले आणि १९५६ साली कॅलिफोर्नियातून प्रतिनिधीगृहावर निवडूनही आले. १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने जुने कोटे कायम ठेवले, त्यालाही सेलर यांचा विरोधच होता. ट्रूमन यांचा नकाराधिकार झुगारून तो मंजूर झाला.

आता १९६५. केनेडींनी १९६३ च्या जुलैमध्ये कोटे रद्द करण्याचा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवला होता, हे खरं. पण नोव्हेंबरात त्यांची हत्या झाली तेव्हा तो तसाच पडून होता. जानेवारी १९६५ मध्ये विधेयक पुन्हा मांडलं ते न्याय समितीचे अध्यक्ष सेलर यांनी. २५ ऑगस्टला प्रतिनिधीगृहात ते ३१८ विरुद्ध ९५ मतांनी संमत झालं. ज्या माणसाने ७१ जणांत उभं राहून नकार दिला होता, त्याने एकेचाळीस वर्षांनी ती व्यवस्था मोडून काढली. लेख इथे संपवता आला असता.

पण त्याच दिवसाचं छापील भाषण मी पुढे वाचलं. तिथे सेलर सभागृहाला आश्वासन देत आहेत की आशिया-आफ्रिकेतून फारसं कोणी येणार नाही, कारण तिथल्या लोकांचे इथे नातेवाईकच नाहीत. वाचलं आणि लॅपटॉप मिटला. आमचं अख्खं घर ज्या दारातून गेलं, ते उघडणारा माणूस सांगत होता की या दारातून तुम्ही येणार नाही, काळजी नसावी.

हा हिशेब आला कुठून? ओहायोचे मायकेल फिगन स्थलांतर उपसमितीचे अध्यक्ष होते आणि विधेयक त्यांच्या हातात अडकलं होतं. तडजोडीत नातेवाइकांना झुकतं माप मिळालं. पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १,७०,००० जागा, एका देशाला जास्तीत जास्त २०,०००. त्यातल्या ७४ टक्के नातेवाइकांच्या वर्गांना. शिकलेल्या व्यावसायिकांचा तिसरा वर्ग अवघा १० टक्क्यांचा. ज्यांचे नातेवाईक आधीच तिथे आहेत तेच येतील, म्हणजे युरोपातलेच येतील, असं गणित. आशियातल्यांचे नातेवाईक नव्हते, कारण त्यांना आधीच्या कायद्यांनी येऊच दिलं नव्हतं. जुन्या अन्यायाच्या भरवशावर नव्या न्यायाची हमी दिली जात होती. रॉबर्ट केनेडी यांनीही १९६४ साली उपसमितीपुढे आशियाचा आकडा सुरुवातीला पाच हजारांच्या आसपास आणि पुढे जवळजवळ शून्य असा सांगितला होता. मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धावर मात्र याच कायद्याने प्रथम १,२०,००० ची मर्यादा घातली, हेही विसरू नये.

सेलर चुकले की त्यांनी मतं मिळवण्यासाठी तसं सांगितलं? माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात, एवढा मुरलेला माणूस चुकणार नाही, ही चाल होती. मला तसं वाटत नाही. सगळं प्रशासन तोच हिशेब मांडत होतं. तो चुकीचा होता, पण सगळ्यांच्या सोयीचाही होता, म्हणून कुणी पुन्हा मांडून पाहिला नसावा. तिसऱ्या वर्गातून आलेला अभियंता पाच वर्षांनी नागरिक होतो आणि मग त्याचा भाऊ पाचव्या वर्गात अर्ज करतो, ही साधी साखळी त्यात धरलेली नव्हती. १९६० साली भारतात जन्मलेले सुमारे १२,००० लोक अमेरिकेत होते, १९८० साली सुमारे २,०६,०००. १९८१ साली तिथे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. आमचे काका तिसऱ्या वर्गातलेच. त्यांचे धाकटे भाऊ पाचव्या वर्गातून गेले.

म्हणून माणूस तोलताना मी एका दिवसाच्या भाषणापेक्षा मतांना जास्त वजन देतो, आणि मतांपेक्षाही जास्त वजन एकच विधेयक पुन्हा पुन्हा मांडण्याला. पण ते भाषण मी लपवत नाही. १९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत सेलर एलिझाबेथ होल्ट्झमन यांच्याकडून काहीशे मतांनी हरले तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्या लढतीत स्थलांतराचा प्रश्न पुढे नव्हता. स्त्री-पुरुष समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी समितीत अडवून धरली होती आणि मतदारसंघात त्यांचं साधं कार्यालयही नव्हतं, या गोष्टी त्यांना भोवल्या.

पुतणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एवढं नको, मी आधी काय बघू ते सांगा." मी म्हटलं, तो आधी निवडून आला असेल तर नावानिशी मतं बघ, कोणत्या विधेयकांना सहप्रायोजक म्हणून सही केली ते बघ, समितीच्या सुनावणीत साक्षीदारांना काय विचारलं ते वाच. भाषण शेवटी. आठ दिवसांनी तिचा निरोप आला. उमेदवार आधी दोनदा निवडून आलेला आहे. तिला महत्त्वाची वाटलेली तीन मतदानं तिने काढली. एकात होकार, एकात नकार, आणि तिसऱ्यात नावापुढे 'मत दिलं नाही' एवढंच. "याचा अर्थ काय काका?" मी तिला त्या दिवसाची बाकीची मतदानं काढायला सांगितलं आहे, सकाळच्या मतदानात तो हजर होता का, ते आधी बघू.