निजामशहाची शिकवणी : अहमदनगरच्या दरबारातील दोन विद्यार्थी

१/ सोळाव्या शतकात अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) दरबारात एक विलक्षण शिकवणी चाले. सुलतान एका परदेशी वैद्याला रोगांची व औषधांची अरबी नावे शिकवी आणि वैद्य सुलतानाला तीच नावे लॅटिनमध्ये शिकवी. सुलतान होता पहिला बुऱ्हाण निजामशहा. वैद्य होता गार्सिया द ऑर्ता.

२/ ऑर्ताचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये ज्यूंची तेथून हकालपट्टी झाली आणि कुटुंब पोर्तुगालमध्ये आले. १४९७ मध्ये तेथेही ज्यूंवर धर्मांतर लादले गेले. ऑर्ता मात्र शिक्षणासाठी पुन्हा स्पेनलाच गेला, सालामांका व अल्काला या विद्यापीठांत. १५३४ मध्ये तो गोव्यात उतरला.

३/ त्या विद्यापीठांत इब्न सीनासारखे वैद्यकाचार्य शिकवले जात, पण लॅटिन भाषांतरातून. शतकानुशतकांच्या नकलांमध्ये औषधांची अरबी नावे पार विद्रूप झाली होती. त्यात इकडच्या बाजारात त्याच वनस्पतींना निराळीच नावे. पोथीतले मूळ आणि पुडीतले मूळ एकच की वेगळे? उत्तर चुकले तर किंमत रोगी मोजणार.

४/ येथेच नगरचे महत्त्व कळते. बुऱ्हाण निजामशहा लहानपणी गादीवर आला आणि १५५३ पर्यंत त्याने राज्य केले. त्याच्या पदरी अरबी-फारसी जाणणारे हकीम होते. जे ग्रंथ ऑर्ताने उसन्या भाषेत वाचले होते, त्यांची मूळ भाषा त्याला स्पेनमध्ये नव्हे, तर दख्खनमध्ये भेटली.

५/ सुलतानाने ऑर्ताला १२,००० हून अधिक परदाव भेटीदाखल दिले. वर्षातले काही महिने आपल्याकडे राहिल्यास ४०,००० परदावांचे उत्पन्नही देऊ केले. ऑर्ताने ते नाकारले. मात्र राजाला गुरू मानून त्याच्याकडून शब्द शिकण्यात त्याला संकोच वाटला नाही; राजालाही वैद्याचा शिष्य होण्यात कमीपणा वाटला नाही.

६/ शब्द नुसता कानावर पडला तर काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपली 'मोडशी'. ऑर्ताने पटकीसारख्या रोगाची लॅटिन व अरबी नावे देऊन इकडचे नाव 'मोर्शी' असे नोंदवले आणि पोर्तुगीज लोक त्याचा 'मोर्देशी' असा अपभ्रंश करतात, हेही सांगितले. पुढे फ्रेंचांनी त्याचे 'मोर द शियँ' केले. अर्थ झाला : कुत्र्याचे मरण!

७/ १५६३ मध्ये ऑर्ताचा भारतातील औषधद्रव्यांवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्याची रचना संवादांची आहे. स्पेनहून आलेला रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य ग्रंथांचे दाखले देतो. ऑर्ता प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. एकेका द्रव्याची अनेक भाषांतील नावे तो देतो. स्पेनमध्ये असताना गॅलेनविरुद्ध बोलण्याचे आपले धाडस झाले नसते, अशी कबुलीही त्यात आहे.

८/ हे लिहिणे धोक्याचे होते. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले होते. अशा काळात एका धर्मांतरित ज्यू कुटुंबातील माणूस मुसलमान राजाला आपला शिक्षक म्हणून छापील ग्रंथात नोंदवत होता.

९/ ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ऑर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळल्या गेल्या. ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याचा ठपका मृत्यूनंतरही सुटला नाही.

१०/ ग्रंथ मात्र तोवर दूर पोहोचला होता. १५६७ मध्ये क्लूसियसने अँटवर्पमध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढला. १५७८ मध्ये क्रिस्तोव्हाल आकोस्ता याने मुख्यतः ऑर्ताच्याच आधारे पूर्वेकडील औषधांवर ग्रंथ लिहिला. तो छापला गेला स्पेनमधील बुर्गोस येथे, स्पॅनिश भाषेत.

११/ ज्या देशाने आईवडिलांना हाकलले, त्याच देशाच्या भाषेत मुलाने मिळवलेली विद्या परत गेली. त्या विद्येचा एक धडा नगरच्या दरबारात गिरवला गेला होता. तेथे रोग्याला वाचवण्यासाठी दोन जाणत्या माणसांनी एकमेकांना विचारले होते : याला तुमच्याकडे काय म्हणतात?