गाव सोडून निघालेले नाच

‘लोकनृत्य’ हा शब्द आज सरकारी निमंत्रणपत्रिकेपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत रुळला असला, तरी ज्यांच्या नाचांना तो लावला जातो त्यांच्या बोलीत तो नव्हता. कोकणातील जाखडी, शिमग्यातले खेळे, धनगरांचा गजा, वारल्यांचा तारपा अशी नावे सणावरून, वाद्यावरून किंवा नाचण्याच्या रीतीवरून पडलेली होती आणि या सगळ्यांना एका सदरात बसवण्याची गरज गावात कोणाला कधी भासली नव्हती. ती भासली, ती हे नाच गाव सोडून परक्या प्रेक्षकांपुढे जाऊ लागल्यावर. लोकनृत्य ही कोटी बऱ्याच अंशी दौऱ्यांनीच घडवली आहे, आणि म्हणून तिच्या इतिहासात कोण फिरले व कोणाच्या खर्चाने फिरले, हा प्रश्न पदन्यासाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

फिरणे स्वतः नवे नव्हते. तमाशाचा फड, म्हणजे ढोलकीवाला, हलगीवाला, पाठीमागे झील धरणारे सुरते, सोंगाड्या आणि नाचणाऱ्या स्त्रिया यांचा मालकाच्या नावाने चालणारा संच, जत्रांच्या हंगामात गावोगाव हिंडत असे, आणि दक्षिण कोकणातील दशावतारी मंडळी वेषांचा व रंगाचा पेटारा वाहत एका देवळाच्या जत्रेहून दुसऱ्या देवळाच्या जत्रेला जात असत. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही रचण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले, यावरून अशा भटकंतीचे पडसाद किती दूरवर उमटत हे दिसते. मात्र या सर्व प्रकारांची बांधणीच प्रवासाला सोयीची होती. आरंभीच्या वंदनाचा गण, कृष्ण आणि गवळणींची थट्टामस्करी असलेली गवळण, हजरजबाबी संवादांची बतावणी आणि शेवटी कथानकाचा वग हा क्रम ठरलेला असल्याने फड कोणत्याही गावात उतरला तरी त्याला आपले घर बरोबरच नेता येत होते.

तारप्याचे तसे नव्हते. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने सांधून केलेले हे वाद्य भात पिकण्याच्या सुमारास वाजू लागते. वाजवणारा मधोमध उभा राहतो आणि एकमेकांच्या कमरेला हात घातलेल्या स्त्री-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती सरकत राहते. तो वळला की साखळी वळते, त्याने सूर बदलला की पावले बदलतात, आणि वाद्याकडे कोणी पाठ करत नाही. या नाचाला समोरची बाजूच नाही. जो नाचत नाही तो बाजूला बसलेला गावकरीच असतो आणि लहर आली की तोही साखळीत शिरतो, त्यामुळे प्रेक्षक नावाचा वेगळा पक्ष येथे संभवत नाही. नाच सुरू केव्हा झाला हे सांगता येते, पण तो संपणार केव्हा हे वाजवणाऱ्याच्या दमावर आणि रात्रीवर अवलंबून असते. अशा नाचाला रंगमंचावर आणायचे म्हणजे रिंगण एका बाजूने उघडावे लागते, रात्रीची मिनिटे करावी लागतात आणि वाद्याकडे असलेले तोंड तिकीट काढून बसलेल्या लोकांकडे फिरवावे लागते.

हे काम हेतुपूर्वक हाती घेणाऱ्यांमध्ये उदय शंकर यांचे नाव आधी येते. १९२३ मध्ये लंडनला आना पावलोवा यांच्याबरोबर नाचलेल्या या तरुणाने १९३१ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःच्या संचाचा पहिला प्रयोग केला आणि पुढे युरोप-अमेरिकेचे दौरे केले. त्या संचाच्या संगीताची धुरा दीर्घकाळ वाहणारे विष्णुदास शिराळी हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य होते, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी स्मरणात राहिलेली नाही. तथापि उदय शंकर यांची नृत्ये ही प्रामुख्याने त्यांची स्वतःची निर्मिती होती. त्यांनी अल्मोड्याला स्थापलेले आणि १९४४ मध्ये बंद पडलेले कला केंद्र येथे महत्त्वाचे आहे ते तेथून बाहेर पडलेल्या माणसांमुळे.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे मेली. त्याच वर्षी २५ मे रोजी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे सर्वत्र ‘इप्टा’ या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची, स्थापना झाली. बिनय रॉय यांच्या नेतृत्वाखाली बंगालमधील कलावंतांचे एक पथक गाणी आणि नाच घेऊन पंजाब, महाराष्ट्र, गुजरात असे फिरले आणि दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा करू लागले. भाषा न कळणाऱ्या श्रोत्यांपर्यंत भूक पोहोचवायची तर शब्दांपेक्षा चाल आणि देह यांवरच भिस्त ठेवावी लागते, हे या दौऱ्याने दाखवले. त्यातूनच १९४४ मध्ये इप्टाचे मध्यवर्ती पथक उभे राहिले. अंधेरीच्या एका बंगल्यात एकत्र राहणाऱ्या या पथकाचे नृत्यदिग्दर्शन अल्मोड्याहून आलेले शांती बर्धन करीत, संगीत अवनी दासगुप्ता पाहत, आणि पुढे रविशंकर येऊन मिळाले. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सर्वांच्या कानात बसलेली चाल त्यांच्या याच काळातली आहे. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि ‘इंडिया इमॉर्टल’ या दोन नृत्यनाट्यांत लंबाडींचा नाच, धोब्यांचा नाच, रामलीला असे वेगवेगळ्या प्रांतांतले तुकडे एका कथनात ओवलेले होते, आणि एका संध्याकाळी एवढा देश एका पडद्याआडून येताना पाहणे हा त्या पिढीच्या शहरी प्रेक्षकाला नवा अनुभव होता.

या प्रयोगांवर लोककलेचे विकृतीकरण केल्याचा आक्षेप घेणे सोपे आहे, पण तो फारसा टिकत नाही, कारण ज्या नाचाजवळ प्रवासाची बांधणीच नाही त्याला ती कोणीतरी करून देणे भाग होते, आणि बर्धनांनी ती बहुतेकांपेक्षा अधिक समजुतीने केली. उणीव दुसरीकडे होती. पथकातील तरुण-तरुणी बहुतांशी शहरी, सुशिक्षित आणि राजकीय ध्येयाने आलेल्या होत्या. लंबाडींचा नाच देशभर हिंडला, लंबाडी मात्र तांड्यावरच राहिले. याच काळात मुंबईच्या गिरणगावात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले, आणि तेथे चित्र उलटे होते. अण्णा भाऊंनी तमाशाची आधीच फिरस्ती असलेली चौकट उचलली, गणपतीच्या वंदनाच्या जागी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन घातले, गवळण गाळली, आणि जो समाज ही कला पिढ्यान्‌पिढ्या पोसत आला होता त्यातलाच माणूस कामगारांपुढे उभा राहिला. मध्यवर्ती पथक १९४७ पर्यंत विसर्जित झाले. बर्धनांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप काढून ‘रामायण’ कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींत बसवले आणि दोन वर्षांनी क्षयाने त्यांचा अंत झाला.

स्वातंत्र्यानंतर यजमानपण शासनाकडे गेले. १९५३ पासून प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यासाठी प्रांतोप्रांतीचे नाचणारे दिल्लीत येऊ लागले. आता नाचाबरोबर त्याची माणसेही फिरू लागली, ही मोठीच सुधारणा होती. पण रेल्वेचे तिकीट, मुक्काम, भत्ता, एकसारखे पोशाख आणि ठरवून दिलेला वेळ हे सर्व वरून येत होते, आणि कोणत्या संचाने जायचे हे गावाऐवजी कचेरीत ठरत होते. १९८०च्या दशकाच्या मध्यास सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन झाल्यावर ही व्यवस्था कायमची झाली.

या व्यवस्थेबाहेर स्वतःच्या पायांनी फिरणाऱ्याचे काय, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक अधिनियमातील भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा निमित्तांनी सार्वजनिक ठिकाणी पैसे मागण्याचाही समावेश होता, आणि हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. १९८५ मध्ये अमेरिकेतील भारत महोत्सवानिमित्त वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात राजीव सेठी यांनी मांडलेल्या ‘अदिती’ या प्रदर्शनात दिल्लीच्या शादीपूर वस्तीतले कठपुतळीवाले, जादूगार आणि डोंबारी देशाचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले. तोच खेळ ते दिल्लीच्या रस्त्यावर करीत तेव्हा पोलिसांच्या लेखी ते भिकारी ठरू शकत होते. दिल्लीपुरत्या त्या कायद्यातील अनेक तरतुदी उच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या २०१८ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टनच्या खेळांनंतर तेहतीस वर्षांनी.