लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि व्यायामाचे शास्त्र

पौष महिना लागला की इंद्रवेल्लीच्या आसमंतातील मेस्राम कुळाचे गोंड बांधव गोदावरीचे पाणी आणण्यासाठी पायी निघतात. कित्येक दिवसांची वाट चालून आणलेल्या त्या पाण्याने पौष अमावास्येच्या सुमारास केसलापूरच्या नागोबाची पूजा होते. दिवाळीच्या दिवसांत दंडारीची पथके गावोगाव जातात आणि मोरपिसांचा भव्य टोप मस्तकी धारण केलेले गुस्साडी ढोलाच्या ठेक्यावर रात्ररात्र नाचतात. या श्रमांस व्यायाम असे नाव येथे कोणी देत नाही. याउलट आम्ही पाठशाळेतील मंडळी पहाटेपासून मांडी घालून बसतो आणि संथा, आवृत्ती व चिंतन यांत आमचा दिवस सरतो. म्हणूनच व्यायामाची, आणि विशेषतः आसनांची, चर्चा आमच्याच तोंडी अधिक असते.

ही चर्चा कोठवर जाते याचा अनुभव प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी आला. परिचयातील एका वयस्क गृहस्थांस गलग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, विकार होता. सर्वांगासनाने ही ग्रंथी सुधारते असे त्यांनी एका जुन्या पुस्तकात वाचले, आणि वैद्यांस न विचारता रोजची गोळी बंद केली. पुढे अंगावर सूज आली, नाडी मंदावली, बोलणे जड झाले. त्यांनी मला एकच प्रश्न केला, “शास्त्रीबुवा, पुस्तक खोटे होते काय?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर ते पुस्तक ज्या परंपरेतून आले तिचा इतिहास पाहणे प्राप्त झाले. ती परंपरा लोणावळ्याची होय.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पाठशाळेच्या वाचकांस ही गोष्ट विशेष वाटेल, कारण ज्या पुरुषाने पुढे योगाला प्रयोगशाळेत नेले तो मुळात संस्कृताचा विद्यार्थी होता. १९०७ ते १९१० या काळात बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेर येथे अध्यापन केले. नर्मदातीरी मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्यापाशी त्यांना योगाचा उपदेश लाभला. हेच पुढील काळातील स्वामी कुवलयानंद.

गुरूने सांगितले ते करावे आणि शिष्यांस सांगावे, ही आपली रूढ वाट आहे. स्वामींनी त्यापलीकडे पाऊल टाकले. उड्डियान आणि नौली या क्रियांत पोटात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचे आणि दाबमापकाचे साहाय्य घेतले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि म्हणूनच बस्तीच्या वेळी पाणी आपोआप वर ओढले जाते, असे त्यांना आढळले. या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकांतच क्ष-किरणांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. १९२६ साली सर्वांगासन, मत्स्यासन आणि शीर्षासन करताना रक्तदाबाचे काय होते याची मोजमापे छापली गेली. १९२७ साली महात्मा गांधींस रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा त्यांचा स्वामींशी पत्रव्यवहार झाला, यावरून या कार्याची कीर्ती तीनच वर्षांत किती पसरली होती ते दिसते. तेथे एका बाजूस यंत्रे होती, तर दुसऱ्या बाजूस पोथ्या होत्या. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली ‘हठप्रदीपिका’ १९७० साली तेथूनच प्रसिद्ध झाली.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. रक्तातून वाहत जाऊन दूरच्या अवयवास चेतविणाऱ्या द्रव्यांस ‘हॉर्मोन’ हे नाव इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली दिले; ते चेतविणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आले आहे. मराठीतील संप्रेरक हा शब्द त्याचाच अर्थ धारण करतो. १९१४ साली गलग्रंथीचा स्राव शुद्ध रूपात वेगळा काढण्यात आला आणि १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला. अशा त्या भारलेल्या काळात स्वामी लिहीत होते. सर्वांगासनात मान वाकते, शरीर उलटे होते, रक्त गळ्याकडे येते; तेव्हा तेथील ग्रंथीस अधिक पोषण मिळून तिचे कार्य सुधारत असले पाहिजे, असे त्यांनी अनुमान केले आणि ‘आसने’ या आपल्या ग्रंथात त्यास मोठे महत्त्व दिले.

नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे हेतू आहे, पण व्याप्ती सिद्ध नाही. गलग्रंथीने किती स्राव सोडावा हे मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आज्ञेवर ठरते. काही मिनिटे रक्त अधिक आले म्हणून ते ठरत नाही. दुसरे असे की रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची सूक्ष्म रीत न्यूयॉर्कच्या बर्सन आणि यॅलो यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केली. स्वामींचे देहावसान १८ एप्रिल १९६६ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या कार्याच्या ऐन भरात हे मापन कोणाच्याही हाती नव्हते. पोटातील दाब त्यांनी मोजला. गळ्यातील स्रावाविषयी त्यांनी तर्क केला. पुस्तक खोटे नव्हते. त्यात मोजलेले आणि तर्किलेले एकाच पानावर, एकाच सुरात आले, आणि वाचकाने दोन्हींवर सारखाच भार टाकला. मी त्या गृहस्थांस एवढेच सांगितले आणि त्यांच्याबरोबर वैद्यांकडे गेलो.

व्यायामाने संप्रेरकांवर परिणामच होत नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. जोराचे श्रम सुरू होताच ॲड्रिनलिन वाढते, हृदय वेगाने चालू लागते. दीर्घ श्रमांत कॉर्टिसॉलही चढते आणि विश्रांतीनंतर दोन्ही उतरतात. त्याहून मोलाची गोष्ट इन्सुलिनची आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत घेऊ लागतो, आणि व्यायामानंतर काही काळ, कित्येकदा दिवसभराहूनही अधिक, तो इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. दिवसभर बैठकीवर असणाऱ्या आम्हां पंडितांच्या मधुमेहास याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

स्नायूंच्या बळाचा प्रकार थोडा चमत्कारिक आहे. जोर-बैठका सुरू केलेला मुलगा पहिल्या काही आठवड्यांत बराच बलवान होतो, पण त्याचा दंड फारसा जाड झालेला नसतो. कारण आरंभी वाढते ती मज्जासंस्थेची स्नायूतंतूंस एकवटून कामास लावण्याची शक्ती. तंतू जाड होतात ते त्यामागून. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले आणि ते स्वतःही नित्य घालीत. त्यांनी नियमितपणावर दिलेला भर या दृष्टीने अगदी योग्य होता. केवळ ताणाच्या आसनांनी बळ फारसे वाढत नाही, लवचीकपणा वाढतो. आणि तोही पुष्कळसा ताण सहन करण्याची सवय झाल्यामुळे वाढतो. मिनिटाहून अधिक वेळ एखादा स्नायू ताणून धरला आणि लगेच कुस्तीस उतरले तर जोर थोडा कमीच पडतो. म्हणून दीर्घ ताणाची आसने व्यायामानंतर करावीत हे बरे.

हृदयाविषयी आपल्याकडे योग्यांच्या अद्भुत कथा पुष्कळ आहेत. १९३५ साली थेरेझ ब्रॉस या फ्रेंच विदुषी हृदयाचे आलेख काढण्यासाठी भारतात आल्या होत्या. पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्यांचे हृदय प्रत्यक्षात चालूच होते. श्वास कोंडून छातीतील दाब वाढविल्याने नाडी हातास लागत नव्हती व ठोके ऐकू येत नव्हते. मला या निष्कर्षाचे वाईट वाटले नाही. हृदयाचे खरे कौतुक त्याच्या थांबण्यात नाही. १९५३ साली लंडनच्या डॉ. मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला: दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी होता. नित्य श्रमांनी हृदयाच्या एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते, म्हणून विश्रांतीत ठोके कमी पुरतात. दंडारीची पथके आणि गोदावरीची वाट चालणारे मेस्राम बांधव मला या अभ्यासाच्या वेळी आठवले. ताणाच्या आसनांनी धमन्यांचा कडकपणा थोडा कमी होतो असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. पण चालण्याच्या पक्षी असलेला पुरावा कितीतरी मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस बलवर्धक व्यायाम सांगितला तो याच आधारावर.

आमच्या पूर्वसूरींनी मात्रेचा विचार आधीच केला होता. सुश्रुताने अर्ध्या बळापर्यंतच व्यायाम सांगितला, आणि हृदयातील वायू मुखावाटे येऊ लागणे ही त्याची खूण दिली. आजचे वैद्य सांगतात की बोलता यावे पण गाता येऊ नये इतके चालावे. दोन्ही खुणा श्वासाच्याच आहेत.

आमच्या पाठशाळेत आता पहाटे सूर्यनमस्कार होतात, सायंकाळी मुले अर्धा तास भरभर चालून येतात आणि त्यानंतर आसने करतात. शीर्षासन सर्वांस सांगितले जात नाही. २००६ साली चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी त्या आसनात डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होतो असे दाखविले, तेव्हा काचबिंदू असलेल्यांनी आणि रक्तदाब चढा असणाऱ्यांनी ते टाळावे असे आम्ही ठरविले. ते वयस्क गृहस्थ अजून येतात. सकाळी गोळी घेतात आणि वैद्यांच्या संमतीने, भिंतीचा आधार घेऊन, सर्वांगासनही करतात. ते सोडावयास त्यांस कोणी सांगितलेले नाही.