निवडुंग : बांधावरून शेतात

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगावचे नाव घेतले की उसाच्या गाड्या आणि साखर कारखान्याचे धुराडे डोळ्यांसमोर येते. वर्षभर रानात उभा राहून पाणी पिणारा ऊस हा या दुष्काळी मुलखाचा जणू राजा. त्याच मुलखाच्या बांधाबांधांवर, कोणी थेंबभर पाणी न घालता, निवडुंग पिढ्यान्‌पिढ्या तग धरून आहे. त्याचा इतिहास आम्हांला उसाच्या इतिहासाइतकाच बोलका वाटतो.

आपण सरसकट ‘निवडुंग’ म्हणतो खरे; पण त्या एका नावाखाली दोन घराणी नांदतात. ज्याची फांदी मोडताच दूध गळते तो शेर आणि तीनधारी निवडुंग एका घराण्यातले. चपट्या फड्यांचा, दूध नसलेला फड्या निवडुंग मात्र कॅक्टस घराण्याचा, आणि त्याचे माहेर अमेरिका खंडात. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी दख्खनच्या माणसाने तो पाहिलेला नव्हता.

कंपनी सरकारला या झाडाची गोडी लागली ती एका किड्यापायी. मेक्सिकोत फड्यांवर पोसलेल्या कोचिनील किड्यापासून गर्द तांबडा रंग निघे. युरोपातील श्रीमंतांची वस्त्रे आणि इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचे डगले या रंगात बुडवले जात, आणि हा सारा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. ती मूठ सोडवण्यासाठी मद्रासच्या डॉ. जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस निवडुंगाची बागच उभारली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी ब्राझीलहून किडा कलकत्त्यास आणला. पण तो अस्सल नव्हे, त्याचा रानटी भाऊबंद निघाला! त्याचा रंग हलका आणि भूक दांडगी. निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही.

ज्या जातींना त्याने तोंड लावले नाही, त्या कुंपणांतून गायरानांत आणि पडीक रानांत पसरल्या. साप-विंचवांना घरे मिळाली, गुरांची चराई आटली. अखेर १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलच्याच कुळातील दुसरा किडा दक्षिण हिंदुस्थानात आणला गेला आणि काही वर्षांत हजारो एकर रान मोकळे झाले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात हेच काम एका पतंगाच्या अळीने केले. तेथील कृतज्ञ शेतकऱ्यांनी क्वीन्सलँडमधील बूनार्गा येथे १९३६ मध्ये त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले. एका अळीचे स्मारक! आमच्या मते त्यात विनोद कमी आणि शहाणपण अधिक आहे.

एकीकडे निर्मूलन चालू असता दुसरीकडे दुष्काळाने या झाडाची आठवण करून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत काटे जाळून, तुकडे करून फड्या जनावरांपुढे टाकण्याचे प्रयोग झाले. फडीत पाणी भरपूर, कस मात्र बेताचा. नुसत्या फडीवर गुरे हगवणीने खंगतात, म्हणून सोबत कडबा हवा. अमेरिकेत लूथर बरबँक यांनी १९०७ मध्ये बिनकाट्याच्या निवडुंगाचा गाजावाजा करून फड्या चढ्या दराने विकल्या. मात्र ज्याला काटा नाही त्याला गुरांपासून राखायला कुंपण लागते, हे घेणाऱ्यांना मागाहून उमगले!

आज मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे कॅक्टस बाजारात येतो तो ड्रॅगन फ्रूट या नावाने. हे मध्य अमेरिकेचे वेलनिवडुंग फ्रेंचांनी व्हिएतनामला नेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते भारतात आले. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ हे नाव दिले. बारामतीजवळच्या माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत त्यावर अभ्यास चालतो. या झाडाची युक्ती अशी की ते आपली रंध्रे रात्री उघडते, दिवसा मिटून घेते. त्यामुळे ऊन त्याचे पाणी फारसे चोरू शकत नाही.

तरीही ऋतू त्याला सोडत नाहीत. सिमेंटच्या खांबाभोवती चार रोपे लावतात आणि वर कडे बसवून फांद्या खाली सोडतात. एप्रिल-मेच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडून भाजतात, म्हणून सावलीची जाळी ताणावी लागते. पाऊस सुरू झाला की कळ्या धरतात. फूल रात्री उमलते, सकाळी मिटते. पुढे महिनाभरात फळ तयार. पावसाचे पाणी बुडाशी साचले तर मात्र मुळे कुजतात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत बहरामागून बहर येतात आणि भावही त्यांच्याबरोबर हलतो. आरंभी माल थोडा, म्हणून दर बरा. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळीकडचा माल एकदमच येतो आणि दर घसरतो. रोपांसाठी फांद्यांचे तुकडे विकणाऱ्यास ही चिंता नाही. त्याचे पैसे फळ धरण्याआधीच हाती येतात. बरबँकच्या गिऱ्हाइकांची आठवण आम्हांला येते ती येथेच.

खांब, कडी, ठिबक आणि रोपे यांचा खर्च पहिल्याच वर्षी उचलावा लागतो. भरघोस फळ दोन-तीन वर्षांनी. ज्याच्यापाशी उसाचे पैसे आहेत त्याला हे पेलते. शेवटचा बहर उतरतो त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. त्यांच्यापैकी अनेकांची एखाद-दुसरा एकर कोरडवाहू जमीन गावीच पडून असते, आणि तिच्या बांधावर फड्या निवडुंग.