नूतन विद्यालयाची कुळकथा

अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय, सेलूचे नूतन विद्यालय, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय. जुन्या हैदराबाद संस्थानात मराठी खासगी शाळेच्या पाटीवर ‘नूतन’ हा शब्द वारंवार दिसतो. या शाळा कधीच जुन्या झाल्या, पण नावातला नवेपणा तसाच राहिला.

नावाचे वळण पुण्याचे दिसते. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी तिथे न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय, म्हणजे पुणेकरांची ‘नूमवि’, उभे राहिले. सरकारची नोकरी न करता, फी आणि वर्गणीच्या बळावर शहरातल्या मुलांसाठी चालवलेली, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतायची शाळा असा हा नमुना. ती मुलांची शाळा आहे हे सांगायची कुणाला गरज वाटली नाही. मुलींची शाळा निघाली की तिच्या पाटीवर मात्र ‘कन्या’ लिहावे लागे.

मराठवाड्यात आल्यावर त्याच नमुन्याचा अर्थ बदलला. पुण्यात प्रश्न शिक्षण कुणाच्या हाती असावे हा होता. नांदेड-लातूरकडे तो शिक्षण कोणत्या भाषेत मिळावे हा झाला. निजामाच्या राज्यात शाळेचे तीन टप्पे असत: प्राथमिक ती तहतानिया, मधली ती वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. सरकारी दप्तर उर्दू, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, आणि वर चढत जाल तसे शिक्षणही उर्दूत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने हा जिना शेवटच्या पायरीपर्यंत उर्दूचा केला. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे नाकारता येत नाही. फक्त ती भाषा प्रजेतल्या बहुसंख्यांची नव्हती. संस्थानात तेलुगू बोलणारे सर्वांत जास्त होते आणि त्यांच्यामागे मराठी. मराठी घरातल्या मुलाला आईची भाषा उंबऱ्यात ठेवूनच फौकानियात जावे लागे.

सरकारी शाळांतल्या या उर्दूला उत्तर म्हणून खासगी शाळा निघाल्या, त्याही उस्मानियाच्या आधीपासून. १९०७ च्या सुमारास गुलबर्ग्याला नूतन विद्यालय आणि हैदराबादला विवेकवर्धिनी, १९१५ मध्ये औरंगाबादला सरस्वती भुवन. शाळा काढायला सरकारची परवानगी लागे, आणि मराठी शाळेकडे दरबार संशयानेच पाही. तो संशय अगदीच निराधार होता असेही नाही. मास्तर शिकवायला येत आणि चळवळ सोबत आणत.

लातूरजवळचे सर्वांत बोलके उदाहरण हिप्परगा. आज ते गाव धाराशिव जिल्ह्यात आहे. तेव्हा लातूरही याच, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. असहकाराच्या वाऱ्यात, १९२१ मध्ये, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी इथे राष्ट्रीय शाळा सुरू केली. १९२९ मध्ये व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे आले. १४ जानेवारी १९३० रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही त्यांनी शाळा सोडली नाही, ही त्यांच्या चरित्रातली गमतीची आणि महत्त्वाची गोष्ट. भगव्या वस्त्रातले मुख्याध्यापक मुलांना शिकवत राहिले.

हिप्परगा आडगाव. मुले राहायला ठेवावी लागत, म्हणजे शिकवण्याआधी जेवू घालण्याचा प्रश्न. १९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे मोमिनाबादला गेले. मोमिनाबाद म्हणजे निजामी कागदांतली अंबाजोगाई. तिथे योगेश्वरी नूतन विद्यालय बहरले. योगेश्वरी ही गावची देवी, कोकणातल्या अनेक चित्पावन घराण्यांचीही कुलदेवता. जुन्या देवीचे नाव आणि ‘नूतन’ हे विशेषण एकाच पाटीवर आले ते असे. खेड्यातल्या आश्रमवजा शाळेची जागा गावातल्या शाळेने घेतली आणि तिची ताकद वाढली, कारण शाळा आता घराघरांत पोचत होती: मुलगा दिवसभर जे ऐके ते संध्याकाळी ओसरीवर बोलले जाई.

शाळा आणि राजकारण यांच्यातली भिंत पातळ होती. १९३७ मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, १९३८ मध्ये दुसरे लातूरला. त्याच वर्षी स्वामीजींनी मुख्याध्यापकपद सोडून पूर्णवेळ चळवळ पत्करली आणि ऑक्टोबरमध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षअखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले तेव्हा अनेकांनी नागपूरची वाट धरली. उदगीरचे आर्यसमाजी वकील भाई श्यामलाल १९३८ मध्येच बिदरच्या तुरुंगात वारले. त्यांच्या नावाची शाळा आज उदगीरला आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपल्यावर भाषेचा अडसर गेला आणि खासगी शाळेचे मूळ कारणही संपले. मग काम वरच्या पायऱ्यांचे उरले. १९५० मध्ये स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी आणि पीपल्स कॉलेज उभे राहिले. विचारवंत नरहर कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर होते, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. शाळेतून महाविद्यालयात जाण्याचा हा रस्ता तेव्हाच्या नांदेडात स्वाभाविक होता. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झाले आणि त्याला हिप्परग्याच्या मुख्याध्यापकांचेच नाव मिळाले.

सरकारी आणि खासगी अशा दोन परंपरांची खूण मात्र शब्दांत उरली आहे. पुण्यात खासगी शाळाही स्वतःला प्रशाला म्हणवते. मराठवाड्यात ‘प्रशाला’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जिल्हा परिषदेचे हायस्कूल येते, आणि त्यांतली कित्येक निजामकाळातल्या सरकारी शाळांची वारसदार आहेत. संस्थेने वर्गणीवर काढलेली ती ‘विद्यालय’.