पदवीधराला काय यावे?

अर्थशास्त्राचा पदवीधर म्हणजे नेमके काय येणारा माणूस? अभ्यासक्रमांचा इतिहास चाळताना मला जाणवते, की हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. त्याआधी विचारले जाई, त्याने काय वाचलेले असावे?

ॲल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीने १९०३ मध्ये केंब्रिजला अर्थशास्त्राची स्वतंत्र ट्रायपॉस परीक्षा मंजूर झाली. विषयाला स्वतःचे घर मिळाले, ते परीक्षेच्या रूपाने. आपल्याकडे तर परीक्षा हीच विद्यापीठाची ओळख होती. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. शिकवणारा आणि तपासणारा वेगळे झाले, की प्रश्नपत्रिका हाच खरा अभ्यासक्रम ठरतो.

१९८६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डब्ल्यू. ली हॅन्सन यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये वेगळी मांडणी केली. कोणते ज्ञान सर्वांत मोलाचे, हा हर्बर्ट स्पेन्सरचा जुना प्रश्न त्यांनी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता पुन्हा विचारला. आगरकरांवर ज्याच्या विचारांचा खोल ठसा होता, तोच हा स्पेन्सर. हॅन्सन यांनी प्रकरणांची नव्हे, क्षमतांची यादी दिली: उपलब्ध माहिती शोधता येणे, ज्ञात आहे ते नेमके मांडता येणे, इतरांच्या लेखनातला युक्तिवाद उलगडता येणे, तो नव्या प्रश्नाला लावता येणे आणि शेवटी स्वतः काही नवे शोधणे.

ही यादी साधी दिसते; पण ती परीक्षेचे स्वरूपच बदलायला लावते. बेरोजगारीची व्याख्या पाठ आहे की नाही, हे तीन तासांच्या पेपरात कळते. ताजे आकडे मिळवून, काम शोधणे सोडून दिलेला माणूस बेरोजगारांत का मोजला जात नाही, हे समजावता येते का, ते मात्र तसे कळत नाही. त्यासाठी शिक्षकाला प्रत्येकाचे लेखन वाचून, शेरे मारून परत द्यावे लागते. म्हणजे वर्ग लहान हवेत आणि शिक्षक पुरेसे हवेत.

आज आपल्याही अभ्यासक्रमांच्या पहिल्या पानावर ‘अध्ययन निष्पत्ती’ छापलेल्या असतात. त्यांतील ‘विश्लेषण करता येईल’ हे वाक्य वाचून झाले, की मी त्याच विषयाची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवतो. तिथे ‘टिपा लिहा’ एवढेच असेल, तर विद्यार्थी टिपाच पाठ करणार. त्यात दोष त्याचा नाही.